तेलाला भिणारे तात्या

"हात! हात काढ आधी तिथनं! वसंता, धर त्याचा हात!"

माणगावच्या शेती-अवजारांच्या दुकानात तात्या असे काही ओरडले की समोरच्या स्टँडवरची एसटी, जी कधी वेळेवर सुटल्याचं कुणाच्या ऐकिवात नाही, ती दचकून वेळेवर सुटली. दुकानातला विक्रेता, चांगला चाळिशीचा बाप्या, पोलिसांनी पकडल्यासारखे दोन्ही हात वर करून उभा राहिला. त्याचा गुन्हा एवढाच की लाकूड फोडायच्या यंत्राची पाचर कशी धारदार आहे ते दाखवायला त्याने तिच्यावर तळवा ठेवला होता. यंत्र प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं होतं. त्यात तेलाचा थेंब नव्हता. ज्या मिनी ट्रॅक्टरला ते जोडायचं, तो माझा ट्रॅक्टर दीड तासाच्या वाटेवर, दिवेआगरला माझ्या वाडीत, फणसाखाली उभा होता.

"काका, मशीन बंद आहे," विक्रेता म्हणाला.

"बंद दिसतंय," तात्या म्हणाले. "बंद हाय का, ते मशीनला विचारलंस?"

तात्या माझे शेजारी. मूळचे उरणकडचे, मिठागरवाल्यांच्या घरातले. तिथल्या बंदरात आयुष्यभर फिटर होते. कंटेनरच्या डब्यांवर डबे रचणाऱ्या त्या राक्षसी क्रेनच्या अंगात जे तेल दाबाने फिरतं, त्या तेलाची नाडी बघणं हे त्यांचं काम. निवृत्त झाल्यावर बायकोच्या माहेरची नारळ-पोफळीची वाडी कसायला ते दिवेआगरला आले. साठीत घरजावई झालेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. त्यांच्या आणि माझ्या वाडीत एक कुंपण, आणि त्या कुंपणातून येणारी त्यांची भीती.

हो, भीती. समुद्राला, सापाला, भुताला हा माणूस भीत नसे. यंत्राला भ्यायचा. आमच्या घरी चहाला आले की आधी मिक्सरचं बटण बंद आहे का बघायचे, मग पिन काढायचे, मग ती पिन खिशात घालून बसायचे. माझी बायको सुनंदा म्हणायची, "तात्या येऊन गेले की आमचा मिक्सरसुद्धा आठवडाभर हळू फिरतो." विहिरीवरचा पंप सुरू करताना ते त्याच्याशी एका अंगाने बोलायचे, म्हणजे पळायला दुसरं अंग मोकळं. लोक हसायचे. मी तर धंदा असल्यासारखा हसायचो. त्यांच्या भीतीच्या गोष्टी मीठमसाला लावून मी श्रीवर्धनपर्यंत पोचवल्या होत्या. तात्यांच्या कानावर जाई. ते रागावत नसत. म्हणायचे, "भीती बी पान्या-पकडीसारखी हत्यार हाय रे. पिशवीत ठेवायची. मी तीस वर्सं ठेवली. मोज माझी बोटं."

आणि सगळ्यांत जास्त ते भ्यायचे तेलाला. "आवाज करणाऱ्याला मी भीत न्हाय. तेल आवाज करत न्हाय. पाइपात गप बसलेलं असतं, देवळातल्या बाईसारखं. आत त्याच्यावर किती दाब हाय, ते वरनं कळत न्हाय."

आता अशा माणसाला लाकूड फोडायचं यंत्र घ्यायला मी का नेलं? कारण मला त्यातलं काही कळत नव्हतं, आणि हे मी सुनंदाशिवाय कुणाला कळू दिलेलं नव्हतं. चक्रीवादळ आलं आणि त्याने आमच्या वाड्या झोपवल्या तेव्हा माझी नव्वद टक्के झाडं आडवी झाली. (सुनंदा म्हणते निम्मी. तिने मोजली, मी पाहिली.) माड आणि पोफळी तर होत्याच, पण कडेची सुरूची झाडं, दोन जुने रायवळ आंबे, दोन फणसांतला एक, सगळं जमिनीवर. ओंडके कापून रचले, तर त्या ढिगामागे समुद्र दिसेनासा झाला. श्रीवर्धनचा पाववाला भट्टीसाठी फोडलेलं लाकूड घ्यायला तयार होता. पण फोडणार कोण? कुऱ्हाड चालवणारी माणसं मुंबईला वॉचमन झाली होती. तेव्हा मिनी ट्रॅक्टरला जोडायचं यंत्र घ्यायचं ठरलं.

तात्यांनी पहिली अट घातली. "लाकडं बरोबर घे."

"दुकानात?"

"चप्पल घ्यायला जातोस तर पाय घरी ठेवून जातोस?"

म्हणून माझ्या टेम्पोत चार ओंडके घालून आम्ही माणगावला गेलो होतो. एक सुरूचा, एक फणसाचा, एक आंब्याची ही भली मोठी गाठ, आणि एक माडाचा सोट.

विक्रेत्याने हात खाली घेतले आणि आम्हाला मागच्या अंगणात नेलं. तिथे दाखवायला एक मिनी ट्रॅक्टर होता, अगदी माझ्यासारखाच. त्याने आधी दाखवलं ते सगळ्यांत स्वस्त यंत्र. लोखंडाचा एक मोठा भोवरा, त्याला स्क्रूसारखे आटे. ट्रॅक्टरच्या मागचा फिरता दांडा त्याला गरागरा फिरवतो आणि ओंडका नुसता टेकवला की भोवरा आत घुसून त्याची दोन शकलं करतो. तेल नाही, पाइप नाही. मला ते इतकं आवडलं की मी पुढे सरसावलो. तात्यांनी माझ्या खांद्यावरचा पंचा ओढून काढला आणि माझ्या डोळ्यांपुढे हलवला.

"हा पंचा. ह्याचं एक टोक त्याला शिवलं की पंचा गेला, पंच्याबरोबर मान गेली. आपण वाडीत काय नेसतो? लुंगी. ह्याला यंत्र म्हणत न्हाईत. ह्याला तोंड म्हणतात."

दुसरं होतं वीस टनी, म्हणजे वीस टनांचा जोर लावणारं. स्वतःचा पंप, स्वतःची तेलाची टाकी, मांडीएवढा सिलिंडर. वीस टन हा आकडा ऐकूनच माझी छाती दोन इंच फुगली. विक्रेत्याने ते ट्रॅक्टरच्या मागे अडकवून उचललं, आणि ट्रॅक्टरची पुढची चाकं बकरीने पाय उचलावेत तशी जमिनीवरून सुटली. तात्या पुढे गेले, बॉनेटवर एक बोट ठेवलं, चाकं खाली आली. बोट काढलं, चाकं वर.

"वाडीतल्या पाटावरनं जाताना तू बॉनेटवर बसशील का सुनंदाला बसवशील?" त्यांनी मला विचारलं.

तिसरं दहा टनी. तेच सगळं, पण आटोपशीर. आडवं घालता येई आणि उभंही, म्हणजे जड ओंडका उचलायला नको, ढकलत आणून खाली लावायचा. त्याला दांडे दोन. एका हाताने एक, दुसऱ्याने दुसरा, दोन्ही एकदम दाबले तरच ओंडका पाचरीवर दाबणारा दट्ट्या पुढे सरकतो. एक सोडला की थांबतो. "एका हँडलचं पण आहे काका, लोक तेच नेतात, एक हात मोकळा राहतो," विक्रेता म्हणाला.

"मोकळा राहतो, म्हणून तर जातो," तात्या म्हणाले.

मग परीक्षा झाली. दहा टनीने सुरू फोडला, फणस फोडला. माडाचा सोट मात्र फुटेचना. चावलेल्या उसासारखा चेंदामेंदा होऊन त्याचे धागे लोंबायला लागले. माझ्या ढिगात निम्मा माड होता. माझं तोंड उतरलं. तात्या म्हणाले, "माड म्हंजे लाकूड न्हाय, दोरखंड हाय. त्याचे वासे कर, साकव कर, फोडू नको." शेवटी आंब्याची गाठ आली. दट्ट्या तिला जाऊन भिडला, कण्हला, आणि थांबला. कुठून तरी 'सूंऽऽ' असा आवाज आला. गाठ जशीच्या तशी. विक्रेता ओशाळून म्हणाला, "दाब जास्त झाला की वाल्व उघडतो, तेल मागे जातं. वीस टनी असतं तर..."

पण तात्यांचा चेहरा लग्नघरातल्यासारखा फुलला होता. "वसंता, ऐकलंस? हे न्हाय म्हणालं. ज्याला न्हाय म्हणता येतं ते यंत्र घ्यावं. हेच घे."

घेतलं. वाडीत आणलं, जोडलं. तात्यांनी त्या वाल्वच्या स्क्रूवर लाल रंगाचा एक ठिपका लावला, निम्मा स्क्रूवर, निम्मा बाहेर. "हा स्क्रू फिरला की ठिपका तुटंल. मग मला कळंल. ह्याला हात लावायचा न्हाय. मला मारलंस तरी चालंल, ह्याला हात न्हाय."

आता मी जे सांगणार आहे त्यात एकही शब्द फुगवलेला नाही. सुनंदा साक्षीला आहे.

आठ दिवस गुण्यागोविंदाने गेले. सुनंदा दोन दांडे धरायची, मी ओंडके लावायचो. मग आंब्याच्या गाठी सुरू झाल्या आणि यंत्र दर दुसऱ्या ओंडक्याला सूंऽऽ करून नाही म्हणायला लागलं. मला घरात नाही ऐकायची सवय होती, वाडीतही ऐकायचं म्हणजे फार झालं. तात्या उरणला एका लग्नाला गेले होते, ती संधी साधून मी स्क्रू अर्धा फेरा आवळला. गाठी फुटायला लागल्या, फटाफट. मग अजून पाव फेरा. तुटलेल्या ठिपक्यावर सुनंदाची नेलपॉलिश लावली. इतकी बेमालूम लावली की माझी मलाच शाबासकी द्यावीशी वाटली.

पुढच्या आठवड्यात, तात्या लग्नाहून परतल्यावर, सकाळी नऊच्या सुमाराला, दट्ट्या मंदावला. पाइपाच्या सांध्याशी तेलाचं धुकं दिसत होतं, अगदी पुसट. सुनंदाचे दोन्ही हात दांड्यांवर. मी वाकलो आणि पाइपावरून डाव्या हाताचा तळवा फिरवला.

हे समजून घ्यायला वाडीवाला असायला हवं. पोफळीच्या बुंध्याशी पाणी नेणारी नळी फुटली की आम्ही ती डोळ्यांनी शोधत नाही. नळीवरून तळवा फिरवत जायचं. पाणी दिसायच्या आधी ते तळव्याला लागतं. लहानपणापासून हजार वेळा केलेलं. हातानेच केलं ते, डोक्याला विचारलंच नाही.

लाल मुंगी चावावी तसं झालं. अंगठ्याजवळच्या बोटाच्या मुळाशी. पाहिलं तर एक ठिपका, पेनचं टोक टेकल्यासारखा. रक्त नाही. दुखणं नाही. मी हसलो. सुनंदाने ट्रॅक्टर बंद केला आणि कुंपणावरून हाक मारली, "तात्या, ह्यांना पाइप चावला!"

तात्या आले. मी आता ओरडा ऐकायच्या तयारीने खांदे आखडून उभा होतो. बंद यंत्रावर हात ठेवणाऱ्याला एसटी सुटण्याइतकं ओरडणारा माणूस. चालू यंत्रावर हात ठेवणाऱ्याला काय करेल? त्यांनी माझा हात हातात घेतला. ठिपका पाहिला. पाइप पाहिला. आणि ते ओरडले नाहीत.

"दुखतंय?" इतक्या हळू आवाजात की मला 'काय?' विचारावं लागलं.

"छे! काही नाही."

"काहीच दुखत न्हाय?"

"मुंगीएवढं."

त्यांच्या चेहऱ्याचा रंग मिठासारखा झाला. तेव्हा, फक्त तेव्हा, मी हसायचा थांबलो. त्यांनी यंत्राच्या टाकीतलं तेल पाण्याच्या रिकाम्या बाटलीत काढलं, बूच लावलं, आणि म्हणाले, "वसंता, चप्पल घाल."

गावातल्या डॉक्टरांनी ठिपका पाहिला आणि म्हणाले, "काटा गेलाय. धनुर्वाताचं इंजेक्शन देतो." तात्यांनी हात जोडले. "डाक्टर, काटा न्हाय. तेल हाय, दाबाखालचं. कातडी फोडून आत गेलंय, आत पसरतंय. आज हात उघडून धुवायला लागंल. तुमच्या वळखीचा मोठा सर्जन असंल त्याला फोन लावा. मी येडा ठरलो तर मला चार माणसांत बोला." डॉक्टर भले माणूस. त्यांनी पनवेलला फोन लावला, दोन वाक्यं बोलले, समोरचं एक वाक्य ऐकलं, आणि त्यांचाही चेहरा बदलला. "ताबडतोब निघा," ते म्हणाले. "पोटात पाणीसुद्धा जाऊ देऊ नका."

टेम्पो तात्यांनी चालवला. या माणसाने आयुष्यात तिसरा गिअर फक्त ऐकलेला होता. त्या दिवशी म्हसळ्याच्या वळणांवर त्यांनी टेम्पो असा घातला की दोन वेळा मला आमचीच मागची नंबरप्लेट दिसली. सुनंदा मध्ये बसून माझा हात छातीच्या वर धरून होती आणि पालीच्या बल्लाळेश्वराला आमच्या वाडीतले सगळे नारळ कबूल करत होती, उभ्या माडांचे आणि पडलेल्यांचेही. निघताना तात्यांनी खिशातलं पेन काढून माझ्या बोटाच्या मुळाशी, सूज जिथे संपत होती तिथे, एक रेघ मारली होती आणि शेजारी वेळ लिहिली होती. म्हसळ्याला त्यांनी टेम्पो थांबवला, हात पाहिला. सूज रेघेच्या पुढे गेली होती. त्यांनी दुसरी रेघ मारली, वेळ लिहिली.

माणगावला तिसरी रेघ, तळव्याच्या मध्यावर. "बोट वाकव," ते म्हणाले. मी वाकवलं. निम्मं वाकलं. आता दुखत होतं. आतून, हाडाला कुणी पीळ घालावा तसं. बोट पांढरं आणि गार पडलं होतं, दुसऱ्याच कुणाचं असावं तसं. वडखळला चौथी रेघ मनगटावर.

"बोट वाकव."

मी वाकवलं. म्हणजे मला वाटलं मी वाकवलं. बोट जागचं हललं नाही.

मी बोलायचा थांबलो. माझ्याबद्दल ही गोष्ट फारशी कुणी सांगू शकणार नाही. मी खिडकीतून बाहेर बघत होतो आणि एकच गोष्ट डोळ्यांपुढे होती: पोफळीचं झाड. सरळ, सडपातळ, साठ फूट. सुपारी उतरवायला त्यावर चढताना एका हाताने खोड कवटाळायचं आणि दुसऱ्याने वर पकडायचं. एका हाताने पोफळीवर चढता येत नाही. एका हाताने वाडीतलं काहीच करता येत नाही.

"तात्या," मी म्हणालो, "हात जाणार काय हो?"

त्यांनी समोरच्या ट्रकला मागे टाकलं. "गप बस. हात वर धर."

पनवेलच्या सर्जननी हात पाहिला आणि विचारलं, "कुठलं तेल?" तात्यांनी बाटली टेबलावर ठेवली. "किती वेळ झाला?" तात्यांनी माझी बाही वर केली आणि बोटापासून मनगटापर्यंतच्या वेळा वाचून दाखवल्या. सर्जननी तिथूनच ऑपरेशनची तयारी करायला सांगितलं. मग मला आत नेलं.

बोटापासून मनगटापर्यंत हात उघडला, धुतला, परत दोन दिवसांनी उघडला, परत धुतला. आतून काय निघालं ते सुनंदाने पाहिलं आणि मला अजून सांगितलेलं नाही. हात राहिला. ते बोट आज पुरतं मिटत नाही, थंडीत दुखतं, पण पोफळ कवटाळतं. सर्जन म्हणाले, "उद्या आला असतात, तर मी हात वाचवायची भाषा केली नसती."

दुसऱ्या दिवशी मी तात्यांना कबूल केलं की स्क्रू मी आवळला होता.

"ठावं हाय," ते म्हणाले. "तेल काढताना बघितलं. माझा ठिपका लाल हुता. सुनंदाचं नेलपालिश गुलाबी हाय." आणि वर, "लावलंस मात्र झ्याक."

त्यानंतर आणखी तीन वर्षं तात्या कुंपणापलीकडे होते. यंत्राला त्यांनी नवा पाइप घातला, सांध्यांवर जाड कापडाची खोळ चढवली, आणि पाइपाजवळ तळवा नव्हे, पुठ्ठ्याचा तुकडा फिरवायचा, हे मला पोराला शाळेत घालावं तसं शिकवलं. मी त्यांच्या भीतीच्या गोष्टी श्रीवर्धनला सांगायचं बंद केलं. पाववाला विचारायचा, "वसंतभाय, तात्या की कोई नई बात?" मी म्हणायचो, नाही. दोन पावसाळ्यांमागे ते गेले, दुपारच्या जेवणानंतर, आरामखुर्चीत, कुठल्याही यंत्राच्या वाटेला न जाता. त्यांना शेवटचं नेताना त्यांच्या छातीवर ठेवलेले हात मी पाहिले. दहाच्या दहा बोटं होती.

पण माझ्याकडे तात्यांचं जे राहिलंय ते पनवेलच्या त्या खोलीतलं आहे. पाचवा दिवस. सर्जन नुकतेच बोट हलवून बघून गेले होते आणि बोट हललं होतं. तात्या खिडकीशी बसून मोसंबी सोलत होते, एकेक शीर काढत. सुनंदा त्यांच्या पाया पडली. मग तिथेच खाली बसून तिने विचारलं, "तात्या, गावातल्या डॉक्टरांनासुद्धा काटा वाटला. तुम्हाला कसं हो कळलं?"

"माझ्या धाकट्या भावाला झालं हुतं. बंदरात, माझ्याच पाळीत. एवढाच ठिपका. मला म्हणाला, दादा, काय तरी चावलं. मी म्हटलं, घरी जा, झोप, सकाळी बघू."

"मग?"

तात्यांनी मोसंबीची फोड माझ्या चांगल्या हातात दिली.

"मग सकाळी बघितलं."